आठळी जिवंत असते

(पेनसिल्व्हेनियातल्या एका दिवाळी संमेलनात दिलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, आधी एक खुलासा. चेस्टनट म्हणजे शिंगाडा नव्हे. शिंगाडा तळ्यात होतो, त्याला वॉटर चेस्टनट म्हणतात, म्हणून हा घोटाळा. मी बोलतोय ते इथल्या डोंगरांवरच्या अमेरिकन चेस्टनट या झाडाबद्दल. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या चेस्टनटवर आशियातून आलेली बुरशी दिसली, आणि पुढच्या ४०-५० वर्षांत अंदाजे ४ अब्ज झाडं गेली. ही बुरशी सालीत शिरून खोडाला वेढते आणि वरचं झाड वाळतं. मुळं मात्र जगतात. अजूनही जुन्या बुंध्यांना धुमारे फुटतात, मनगटाएवढे होतात आणि पुन्हा मरतात. मला ते बघवत नाही.

म्हणून मी बिया लावायला घेतल्या. पहिल्या वर्षी चोवीस बिया गोळा केल्या. भोपळ्याचं, दोडक्याचं बी आई जसं वाळवायची, तसं वर्तमानपत्रावर पसरून खिडकीतल्या उन्हात आठ दिवस ठेवलं. डबा भरला, मार्चमध्ये पेरलं. मे गेला, जून गेला, एकही अंकुर नाही. एक बी उकरून चिरलं, तर आत खडूसारखं कोरडं. त्या रात्री मला आजी आठवली. कोकणात आमच्याकडे फणसाच्या आठळ्या ती कधी उन्हात टाकत नसे. ओल्या मातीत घोळवून पडवीच्या कोपऱ्यात ठेवायची, पावसाळाभर भाजीला पुरवायची. आई भोपळ्याचं सांगत होती, आजी आठळीचं, आणि मी उत्तर चुकीच्या बाईकडून घेतलं! आठळी काय, चेस्टनट काय, हे बी कोरडं राहून टिकत नाही. त्यात जवळपास निम्मं पाणी असतं, ते श्वास घेत असतं. वाळवलं की मेलं. शाळेत आम्हाला ‘बी वाळवून ठेवावे’ एवढंच शिकवलं, हे माझं जुनं दुखणं आहे. कोकणातल्या शाळेत तरी आठळीचा अपवाद सांगायला हवा होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. कसं लावायचं ते तर राहिलंच.

बी पाण्यात टाका, तरंगेल ते सोडा. बुडालेलं ओलसर भुशात घालून, पिशवीला चार भोकं पाडून फ्रिजमध्ये ठेवा, १ ते ४ अंश सेल्सियसवर, तीन महिने. भुसा मुठीत दाबला तर पाणी गळता कामा नये. मार्चमध्ये पांढरं मूळ दिसेल. खोल कुंडीत, मूळ खाली करून, इंचभर मातीखाली. वर तारेची जाळी हवीच, नाहीतर खार दुसऱ्या दिवशी नेते. माती आम्लधर्मी हवी, पाणी साचलं तर मूळ कुजतं.

कलम का नाही? कलम म्हणजे त्याच झाडाची नक्कल. बी म्हणजे दर वेळी नवं झाड, आणि बुरशीला पुरून उरणारं झाड अशा हजारोंतूनच निवडावं लागतं. द अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन ही संस्था १९८३पासून, ही बुरशी सोसणाऱ्या चिनी चेस्टनटशी संकर करून हेच करते आहे.

बाहेर फराळाच्या टेबलाशेजारी माझ्या अंगणातल्या चिनी जातीच्या बिया ठेवल्यात, ओल्या भुशात. प्रत्येकाने चार-चार घ्या, एकच नको. शेजारी दुसरं झाड नसेल तर याला फळ धरत नाही.