तिबेटी बायका आणि योनीमार्गाचं इन्फेक्शन: नुसतं अस्वच्छतेवर ढकलू नका

नमस्कार मैत्रिणींनो, आज बोलायचंय अंगावरून पांढरं जाणं, खाज, जळजळ, घाण वास यावर, आणि तेही तिबेटच्या पठारावरच्या बायकांबद्दल.

ल्हासा साधारण 3,650 मीटरवर, नागचू तर 4,500 च्या आसपास. हिवाळ्यात पाणी गोठतं, तापवायला जळण म्हणजे याकच्या शेणाच्या गोवऱ्या, त्यात कळपामागे फिरणारं घर असेल तर लेडी डॉक्टर कुठल्या कुठे, मग बाई सहन करत राहते.

पण म्हणून "स्वच्छता नाही" एवढंच म्हणून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू आम्लता टिकवतात, पीएच 4.5 च्या खाली, ते कमी झाले की बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे नको त्या जंतूंची वाढ होते, आणि आतून साबणाने धुतलं तर ते उलट वाढतं! कँडिडा म्हणजे बुरशी, ती अँटिबायोटिक्स, डायबेटिस, गरोदरपण यात जोर धरते. ट्रायकोमोनास हा सूक्ष्म परजीवी मात्र शरीरसंबंधातून येतो.

आता दूरच्या दवाखान्यात काय अडतं बघा. ट्रायकोमोनास स्लाइडवर वळवळताना दिसला तर चटकन ओळखता येतो, पण सॅम्पल गार पडलं की त्याची हालचालच थांबते, स्लाइड लगेच आणि कोमट असतानाच बघावी लागते, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीत सॅम्पल गावातून लांबच्या लॅबला पाठवलं तर रिपोर्ट निगेटिव्ह यायची शक्यता बरीच. आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिस असलेल्या कितीतरी बायकांना त्रास काहीच जाणवत नाही, म्हणजे तक्रार करणाऱ्याच मोजल्या तर आकडा चुकणारच.

तपासणीच न झाल्याने त्रास दडून राहणं आपल्याकडेही झालंय. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायका तपासल्या, अभ्यास 1989 मध्ये छापून आला, 92% बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त 8%! शेजारच्या गोंदियात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, तिथल्या आयाबहिणींनाही हे लागू.

तर त्रास असो नसो, तपासणी करून घ्या, मेडिकलवाल्याकडून अंदाजाने क्रीम आणू नका कारण बुरशीचं औषध वेगळं, बाकी दोन्हींचं वेगळं, आणि ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यालाही औषध द्यायलाच हवं, त्याला काही होत नसलं तरी, नाहीतर तो परत तुम्हालाच होणार.