मग काढायचं कोणाला?

[दृश्य: शिवाजी पार्क, सकाळ. झाडाखाली पॅड बांधून बसलेला एक मुलगा. मागे नेटमध्ये चेंडूचा टक् टक् आवाज.]

पॅड बांधून बसणाऱ्याकडे कॅमेरा सहसा वळत नाही. पट्टे पोटरीला काचतात, घाम झिरपतो. ग्लोव्हज घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. विकेट पडत नाही याचा आनंद मानायचा, कारण टीम आपलीच असते.

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेची सेमीफायनल. शारदाश्रमचे सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी सेंट झेवियर्सच्या बॉलर्सना फोडून काढतायत. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, भागीदारी ६६४. मुंबईत हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. पण पुढचा बॅट्समन कोण होता, हे विचारलं की थोडा वेळ लागतो. अमोल मुझुमदार. पॅड बांधून बसला, तो बसूनच राहिला. त्याचा नंबर आलाच नाही.

[दृश्य: पार्कातला कट्टा. वडापावचे कागद, चहाचे ग्लास, हातवारे.]

कट्ट्यावर अमोलचा विषय निघाला की वाद ठरलेला. रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६०. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा, ३० शतकं, २००६-०७ मध्ये मुंबईचा कॅप्टन म्हणून रणजी करंडक. आणि भारताकडून सामने? शून्य. एकही नाही.

‘घ्यायला पाहिजे होता राव!’ एक जण म्हणतो.

‘मग काढायचं कोणाला?’ दुसरा विचारतो.

द्रविड? गांगुली? लक्ष्मण? की सचिन? इथे पहिला गप्प होतो आणि चहा मागवतो. हाच प्रश्न पॅडी शिवलकरांच्या वेळीही होता. प्रथम श्रेणीत ५८९ विकेट्स, पण त्याच काळात डावखुरा स्पिनर म्हणून बिशनसिंग बेदी. शिवलकरही एकसुद्धा कसोटी न खेळता गेले. ‘मुंबईवर अन्याय’ ही आपली आवडती आरोळी आहे खरी, पण या दोन्ही ठिकाणी ती पुरती बसत नाही. जागाच नव्हती.

२०१४ मध्ये अमोल मुझुमदार निवृत्त झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. म्हणजे आता कट्ट्यावरचा तो प्रश्न थेट त्याच्याच टेबलावर येणार होता.

[दृश्य: स्कोअरबोर्ड. पावसानं भिजलेलं मैदान.]

ऑक्टोबर २०२५, महिलांचा विश्वचषक. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेकडून हरलो, तिथेच ऑस्ट्रेलियाकडून हरलो. ३३० करूनही ऑस्ट्रेलियाला रोखता आलं नाही. पाच बॉलर कमी पडतायत, सहावा हवा, अशी ओरड झाली. मग काढायचं कोणाला? इंदूरला इंग्लंडविरुद्ध काढलं वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जला. २८९चा पाठलाग करताना आपण चार धावांनी हरलो. चार! त्या रात्री ‘जेमी असती तर’ या तीन शब्दांवर किती घरांत जेवणं थंड झाली असतील, मोजदाद नाही. माझंही मत तेच होतं. पण आदल्या आठवड्यात ‘सहावा बॉलर घ्या’ म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो, हे सोयीनं विसरलो.

पुढच्या सामन्यात जेमिमा परत आली. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटीलवर न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६. त्याच सामन्यात ओपनर प्रतिका रावलनं १२२ केल्या. स्मृती मानधनाबरोबर तिची २१२ची सलामी. ओपनिंगचा प्रश्न मिटला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

तीन दिवसांनी, त्याच मैदानावर, बांगलादेशविरुद्ध पावसाळी सामना. बाउंड्रीकडे जाणारा चेंडू अडवायला प्रतिका धावली आणि ओल्या गवतात तिचा पाय अडकला. घोटा मुरगळला. स्पर्धा संपली.

या वेळी कोणाला काढायचं, हे कोणालाच ठरवावं लागलं नाही.

तिच्या जागी आली शेफाली वर्मा. मूळ पंधरामध्ये तिचं नाव नव्हतं. सेमीफायनलला १० धावांवर बाद झाली आणि कट्टा लगेच सुरू: ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा समोर होत्या. तेव्हा उभी राहिली ती जेमिमा, इंदूरला बाहेर बसलेली, २०२२च्या विश्वचषकाच्या संघातही नसलेली. तिसऱ्या नंबरवर जायचंय हे तिला आयत्या वेळी कळलं. नाबाद १२७. शर्टावर माती, डोळ्यांत पाणी, आणि ज्यांनी तिला ‘बसवा’ म्हटलं होतं ते नेरूळ स्टेशनवर तिच्याच नावाचा गजर करत होते.

[दृश्य: २ नोव्हेंबर. छत्र्या, निळ्या जर्सी, स्टेडियमबाहेरची रांग.]

फायनलला पावसानं दोन तास खाल्ले. पाच वाजता खेळ सुरू झाला. शेफाली ७८ चेंडूंत ८७. मग कॅप्टन हरमनप्रीतला काय वाटलं कोण जाणे, तिनं शेफालीच्याच हातात चेंडू दिला. दक्षिण आफ्रिकेची सुने लूस गेली, पाठोपाठ मारिझान कॅप. दीप्ती शर्मानं पाच विकेट्स घेऊन उरलेलं काम संपवलं. शेवटचा कॅच हरमनच्या हातात. ५२ धावांनी विजय.

मैदानावर भारताच्या जुन्या दिग्गज मिताली राज आणि झूलन गोस्वामीही होत्या. दोघी २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. त्या वर्षीच्या विश्वचषकात ख्राइस्टचर्चला दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा निर्णायक सामना दुखापतीमुळे झूलनला बाहेर बसून बघावा लागला होता. शेवटच्या षटकातल्या एका नो-बॉलनं सगळं गेलं. या रात्री पोरींनी करंडक नेऊन दोघींच्या हातात दिला. झूलन रडली. टीव्हीसमोर आमच्याकडे कोणी बोलत नव्हतं.

[दृश्य: व्हीलचेअर. खांद्यावर तिरंगा.]

आणि ही प्रतिका. व्हीलचेअरवर, पाय जखडलेला, खांद्यावर झेंडा. स्पर्धेत ३०८ धावा, पण पदकं पंधरा जणींच्याच संघासाठी, आणि त्यात तिच्या जागी शेफालीचं नाव आलेलं. त्या रात्री तिच्या गळ्यात पदक नव्हतं. नियम म्हणजे नियम, असं म्हणणारेही भेटले. त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता. पुढे तिला तिचं पदक मिळालं.

अमोल मुझुमदार थोडा बाजूला उभा होता. मग पोरींनी त्याला ओढून आत घेतलं.

[दृश्य: मध्यरात्र उलटलेली. लोकलचा डबा, दारात उभी गर्दी.]

परतीच्या गाडीत आवाज बसलेले, चेहऱ्यांवरचे रंग पुसटलेले. दोन स्टेशनं शांततेत गेली. मग दारातल्या एकानं मान वळवली.

‘प्रतिका फिट झाली की ओपनिंगला कोण?’

‘प्रतिकाच. ३०८ केल्यात तिनं.’

‘आणि फायनलची प्लेयर ऑफ द मॅच बाहेर बसणार?’

‘मग काढायचं कोणाला?’

वाशीचा पूल येईपर्यंत डब्यात तीन गट पडले होते.