गाडीपाशी बसणार कोण?

नमस्कार श्रोतेहो. कळंबोलीच्या स्टील मार्केटकडं सकाळी गेलात, तर ट्रकांच्या सावलीत स्टोव्ह पेटलेले दिसतील. माल खाली व्हायची वाट बघत ड्रायव्हर मंडळी कधी दोन-दोन दिवस तिथंच असतात. म्हणजे वेळ असतो. मग दुखणं अंगावर का काढतात? एका ड्रायव्हरभाऊंना विचारलं, तर म्हणाले, "नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आणि गाडीपाशी बसणार कोण?"

पूर्वी क्लीनर बसायचा. हल्ली बरेच शेठ एकट्यालाच धाडतात. एक पगार वाचतो, पण "वस्ताद, आज तोंड उतरलंय तुमचं" म्हणणारा माणूसही जातो. मला ही गोष्ट पैशापेक्षा मोठी वाटते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेसुद्धा पैसे लागत नाहीत; तरी पाऊल तिकडं वळत नाही.

सोबत भल्याचीच असते असंही नाही. झोप उडवायची गोळी हातावर ठेवणारा दोस्तच असतो. पण धाब्यावर त्याच खाटेवर टेकलेला गाववाला म्हणतो, "मला साखर निघाली, तूही बघून घे," तेव्हा माणूस उठतो. पोस्टर वाचून कोण उठतं? एचआयव्हीसाठी महामार्गांवर ड्रायव्हरांचे दवाखाने निघाले, तेव्हाही ड्रायव्हरांमधल्याच काही जणांना शिकवून बोलतं केलं होतं.

कायद्याचं म्हणाल, तर १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाचे आठ तास ठरवले होते, लांब पल्ल्याला फार तर दहा. हसू नका! आणि गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग. ड्रायव्हरचं मेडिकल मात्र लायसन रिन्यू करताना, पाच वर्षांनी.

वहिनी, तुम्ही ऐकताय ना? रात्री फोनवर "जेवलात का?" विचारता, तसंच "बीपीच्या गोळ्या किती उरल्या?" हेही विचारा. त्या संपतात नेमक्या परमुलखात, आणि मग गावी येईपर्यंत तसंच चालतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. आणि ड्रायव्हरभाऊ, छातीत दुखायला लागलं तर गाडी कडेला घ्या, १०८ लावा. किलोमीटरचा दगड, टोलनाका, पेट्रोलपंप, दिसेल ते सांगा. नुसतं "हायवेवर आहे" म्हटलं, तर ॲम्ब्युलन्सनं शोधायचं कुठं?