संध्याकाळची पाळी चंद्रपूरची

नमस्कार श्रोतेहो.

चंद्रपूरहून ताडोब्याकडे निघालं, की दुर्गापूरच्या बाजूला उंच चिमण्या आणि वाफ सोडणारे कूलिंग टॉवर दिसतात. पर्यटकांच्या गाड्या तिथून सुसाट निघून जातात, त्यांना वाघ बघायचा असतो. खरं तर वाघ इथंही असतात, वीज केंद्राच्या आवारातल्या झुडपांत. रात्रपाळीच्या कामगारांना विचारा! आज मात्र मी त्या चिमण्यांखाली काय चालतं ते सांगणार आहे.

हे चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र, महानिर्मितीचं म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचं सर्वांत मोठं. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. २१० मेगावॅटचे पहिले दोन संच, म्हणजे बॉयलर-टर्बाइनच्या वीज बनवणाऱ्या जोड्या, आता निवृत्त झालेत. उरलेल्या सात संचांची क्षमता २,९२० मेगावॅट. नुसत्या आकड्यावरून अंदाज येत नाही, म्हणून कोळशात मोजू. एक युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. केंद्र पूर्ण भारावर चाललं, तर दिवसाला पन्नास हजार टनांच्या घरात. मालगाडीच्या एका रेकमध्ये सुमारे चार हजार टन येतो, म्हणजे रोजचे बारा-तेरा रेक झाले.

केंद्र इथंच का, तर आपल्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळलात की तीस-चाळीस किलो राख उरते. तो मुंबईपर्यंत वाहून न्यायचा म्हणजे राखेचंच भाडं भरायचं. त्यापेक्षा वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीच्या खाणींशेजारी केंद्र उभारून वीज पाठवणं परवडतं. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची वाहिनी आहे, १,५०० मेगावॅटची. मुंबईच्या बाजूला जाणाऱ्या विजेचा मोठा वाटा असा विदर्भातून येतो.

आत काय होतं? कोळसा पिठासारखा दळून बॉयलरमध्ये फुंकतात. त्यातून सुमारे ५४० अंशांची वाफ निघते आणि टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं. बरोब्बर तीन हजार, कारण देशाच्या ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्झ, सेकंदाला पन्नास आवर्तनं. २०१३ च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच लय. त्याआधी पश्चिम आणि दक्षिण यांच्यातली विजेची देवघेव जिथून चाले, त्यातला एक दुवा चंद्रपूरजवळ भद्रावतीलाच आहे. आज चंद्रपूरचा एक ५०० मेगावॅटचा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की देशभरातली वारंवारिता किंचित घसरते आणि दूरदूरच्या केंद्रांतली यंत्रं आपोआप जोर लावतात.

आता मुद्द्याचं. हे संच अहोरात्र एका भारावर चालतील, असं धरून उभारले होते. आज दुपारी सौरऊर्जा मुबलक असते, त्यामुळे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या भार प्रेषण केंद्राकडून निरोप येतो, संच खाली आणा. क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत उतरावं लागतं. सूर्य मावळला, की दोन-तीन तासांत पुन्हा वर. रोजच्या या गरम-थंड होण्यानं धातू थकतो, बॉयलरच्या नळ्या गळतात, आणि कमी भारावर युनिटमागे कोळसाही जास्त जळतो. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर गेली, ती दुपारी, सौरऊर्जा हाताशी असताना. खरी ओढाताण रात्रीची. म्हणून ‘कोळशाचे दिवस संपले’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. आणि सौरऊर्जेला नावं ठेवणाऱ्यांचं त्याहून नाही.

कारण या विजेची किंमत चंद्रपूरकर मोजतात. केंद्राला पाणी इरई धरणाचं, शहरही तेच पितं. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटलं आणि संच बंद ठेवावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत टाकलं होतं. गंधकाच्या वायूला आवर घालायचे नियम २०१५ साली आले, मग मुदतवाढी मिळत गेल्या. राखेचा काही भाग आसपासच्या सिमेंट कारखान्यांत जातो, पण राख बंधारे काही रिकामे होत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. २१० मेगावॅटचे उरलेले दोन संच १९८५-८६ चे, चाळिशीला आलेले. आधी त्यांना विश्रांती द्या. मोठे संच संध्याकाळसाठी राखा. आणि दुपारची जास्तीची वीज साठवायला घाटघरसारखे उदंचन प्रकल्प वाढवा, जिथं स्वस्त विजेवर पाणी वर चढवतात आणि गरज पडली की खाली सोडून वीज काढतात. घाटघरची क्षमता २५० मेगावॅट, चंद्रपूरच्या एका मोठ्या संचाच्या निम्मी. असे पुरेसे प्रकल्प उभे राहीपर्यंत संध्याकाळची पाळी चंद्रपूरलाच करावी लागणार आहे.

नमस्कार.