गाडी, कप्पी आणि थांबलेली फ्रेम

(दृश्य : मीटरभराहून उंच टेबलावरचा रूळ, बाजूने)

दीड मीटरचा रूळ. त्यावर 500 ग्रॅमची गाडी, गाडीला बांधलेला दोरा कप्पीवरून खाली उतरलेला, आणि टोकाला 50 ग्रॅमचं वजन. नववीतला न्यूटनचा दुसरा नियम शिकवायला एवढं सामान पुरतं. मध्येच थांबून विद्यार्थ्याला प्रश्न विचारणाऱ्या व्हिडिओतून तो शिकवायचा, तर पुढचं सगळं व्हिडिओ कुठे थांबतो त्यावर आहे.

(गाडी सुटते. चित्र गोठतं.)

सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 9 फ्रेम पुढे गेलं की 0.3 सेकंद झाले. विद्यार्थी एकेक फ्रेम सरकवत दर 9 फ्रेमनंतर गाडीचं पुढचं टोक पट्टीवर वाचतो : 4 सेंटिमीटर, 16, 36, 64, 100. दर टप्प्यातलं अंतर 4, 12, 20, 28, 36. प्रत्येक वेळी 8 ची भर. हे आकडे पडद्यावर आयते छापले की सगळी मजा गेली. ते त्यानेच वाचायचे.

त्या 8 सेंटिमीटरला 0.3 च्या वर्गाने भागलं की त्वरण येतं 0.89 मीटर प्रति सेकंद वर्ग. बल 0.05 गुणिले 9.8, म्हणजे 0.49 न्यूटन. आणि इथे हमखास घोळ होतो : मुलं 0.49 ला 0.5 ने भागतात, उत्तर 0.98. पण लटकणारं वजनही गाडीसोबत वेग घेतंय, भागायचं 0.55 ने. अशा वेळी 'पुन्हा प्रयत्न करा' दाखवून काही साधत नाही. 0.98 लिहिलं, की फक्त त्या वजनावर रोखलेला तुकडा उघडावा.

(गाडीवर 550 ग्रॅमचा भार)

बल तेच, एकूण वस्तुमान दुप्पट. गाडी सुटण्याआधीच थांबा. मीटरभर जायला मघाशी दीड सेकंद लागला होता, आता किती? 3 सेकंद म्हणावंसं वाटतं. पण निम्मं झालंय ते त्वरण. वेळ 2 च्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो : 2.12 सेकंद, जवळजवळ 64 फ्रेम.

चित्रीकरणात पट्टी गाडीच्या मागे नको, गाडीच्याच रेषेत हवी. कॅमेरा गाडीपासून 2 मीटरवर आणि पट्टी 10 सेंटिमीटर मागे असेल, तर प्रत्येक वाचन 5 टक्के जास्त येतं. उजेड कमी पडला की काही फोन परस्पर फ्रेम कमी करतात, म्हणून चौकटीत चालू स्टॉपवॉच ठेवा. रुळाचं मागचं टोक कागदाच्या घड्यांनी किंचित उचला. दोरा न लावता हलकं ढकललेली गाडी सारख्या फ्रेममध्ये सारखं अंतर कापू लागली, की घर्षणाचा काटा निघाला.

(शेवटचा प्रयोग. गाडी पुन्हा रिकामी, वजन जमिनीपासून 64 सेंटिमीटरवर.)

नेहमीच्या टेबलावर वजन मीटरभर उतरतच नाही, आधीच जमिनीला टेकतं. तो भाग कापू नका. वजन टेकलं, दोरा सैल पडला. थांबा. गाडी आता थांबेल? हळू होईल?

पुढच्या 9 फ्रेममध्ये 32 सेंटिमीटर. त्यापुढच्या 9 मध्येही 32.