ऑफिसचा लॅपटॉप आणि पहिले सहा तास

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये बघा, रबाळे, घणसोली, कोपरखैरण्याला उतरणाऱ्या कितीतरी जणांच्या सॅकमध्ये कंपनीचा लॅपटॉप असतो. तो हाती देताना कंपनी नियमांच्या कागदावर सहीही घेते. त्या कागदातल्या दोन गोष्टींविषयी मला आज अगदी कळकळीने बोलायचं आहे.

एक पासवर्डची. "मी रजेवर आहे, माझ्या लॉगिनने तेवढं बिल टाक ना," असा सहकाऱ्याचा फोन येतो आणि नाही म्हणणं जिवावर येतं. तरी नाहीच म्हणा. ज्याचं लॉगिन, त्याच्या नावावर नोंद. बिलात घोळ निघाला तर खुलासा त्यालाच द्यावा लागेल, आणि संशय तुमच्यावरही येईल. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते: काही विपरीत दिसलं की लगेच कळवणं.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली, हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात तो शिरला आणि इथे आपल्या शेजारी, न्हावाशेवा बंदरात, त्या समूहाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. असा व्हायरस नेटवर्कवरून एका मशीनमधून दुसऱ्यात जातो. म्हणून फाइली उघडेनाशा झाल्या, त्यांची नावं आपोआप बदलली किंवा स्क्रीनवर पैशांची मागणी आली, तर आधी नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा. मशीन मात्र स्वतःहून फॉरमॅट करू नका, तपासाला लागणारे पुरावे त्यातच असतात. मग आयटीला फोन करा.

सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कंपनीने तो त्या संस्थेला कळवायचा असतो. 'पगारवाढीचं पत्र' म्हणून आलेली फाइल कुणी सकाळी अकराला उघडली आणि बोलणी बसतील म्हणून संध्याकाळपर्यंत गप्प राहिलं, तर तेवढ्या वेळात व्हायरस आणखी किती मशीनमध्ये जाईल!

इथे साहेब लोकांनाही माझी विनंती आहे. कळवणाऱ्याला चारचौघांत झापू नका. एकदा झापलंत, की पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. नियमांच्या कागदावर तसं स्पष्ट छापा, की वेळेवर सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही.

आणि आयटी विभागाचा नंबर आजच आपल्या मोबाइलमध्ये सेव्ह करा. तो फक्त लॅपटॉपमध्ये असेल, तर लॅपटॉप बंद पडल्यावर शोधणार कुठे?

नमस्कार.