ऊसमळ्यातलं घर घेताना आधी खाली वाका

हवाईचं मोठं बेट, आणि त्याच्या ईशान्येचा हामाकुआ किनारा. इथला ऊस १९९४ मध्ये संपला. जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज मजुरांसाठी मळेवाल्यांनी बांधलेली घरं मात्र टिकली, आणि आज ती विकत मिळतात. उतरतं पत्र्याचं छप्पर, पुढे ओसरी. ओसरीवर रेंगाळू नका. बॅटरी घ्या आणि घराखाली शिरा.

घर लाकडी खांबांवर उभं असतं. खांब दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर, बऱ्याचदा नुसते टेकवलेले. ऑक्टोबर २००६ मध्ये बेटाला ६.७ तीव्रतेचा भूकंप बसला, तेव्हा अशी काही घरं ठोकळ्यांवरून सरकली. त्यामुळे खांब आणि ठोकळा पोलादी पट्टीने जखडलेत का, खांबांमध्ये तिरपे आधार आहेत का, ते पाहा. खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचा. पातं सहज रुतलं, तर लाकूड आतून गेलंय.

ठोकळ्यावरून वर चढलेली मातीची बारीक नळी म्हणजे जमिनीतली वाळवी. खिडकीच्या कठड्यावर खसखशीसारखे दाणे पडलेले दिसले, तर ती कोरड्या लाकडातली. घरावर तंबू घालून धुरी दिली की दुसरी मरते, पहिलीचं वारूळ जमिनीत शाबूत राहतं. विकणारा म्हणेल, ‘गेल्याच वर्षी तंबू घातला होता.’ तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

आता भिंत. ही एकेरी भिंत आहे: सुमारे इंचभर जाडीच्या उभ्या फळ्या एकमेकींच्या खाचेत बसवलेल्या, बाहेरून एक आडवी पट्टी. आत सांगाडा नाही, छपराचा भार फळ्याच पेलतात. हौसेने मोठी खिडकी कापली आणि वर तुळई टाकली नाही, तर छप्पर तिथे बसतं. भिंतीला पोकळी नसल्याने वायरिंग लपत नाही, पट्टीतून उघड्यावरच न्यावं लागतं. वाळवीही लपत नाही, एवढा फायदा.

छताकडे पाहा. मऊ, पांढुरके तक्ते असतील, तर ते बहुधा कॅनेक. आपल्याकडे साखर कारखान्यात जो बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्यापासून १९३२ ते १९६३ या काळात बेटावरच्या हिलो शहरात हे तक्ते बनत. वाळवी लागू नये म्हणून त्यात आर्सेनिक घातलेलं असे. ते घासू नका, कापू नका. भुसभुशीत झाले असतील तर जाणकाराकडूनच काढून घ्या. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं. पावसाचं पाणी छपरावरून टाकीत साठवत असतील, तर छपराचा जुना रंग आणि शिशाच्या डोक्याचे खिळे तपासा आणि पाण्याची शिशासाठी चाचणी करा. गाळणीने गढूळपणा जातो आणि अतिनील दिव्याने जंतू मरतात, पण विरघळलेलं शिसं दिव्याने जात नाही.

सांडपाणी कुठे जातं, हे विचारा. बहुतेक ठिकाणी साधा शोषखड्डा निघतो. २०१७ च्या राज्य कायद्याने असे खड्डे २०५० पर्यंत बदलायचे आहेत, आणि खडकाळ जमिनीत नव्या व्यवस्थेचा खर्च २०,००० डॉलरच्या पुढे सहज जातो. हा आकडा भाव ठरवतानाच मांडा.

लाव्हाची धास्ती इथे तुलनेने कमी. बेटाच्या आग्नेयेकडच्या पुना भागातली बरीच वस्ती लाव्हाच्या पहिल्या-दुसऱ्या धोका-विभागात येते (पहिला सर्वांत धोक्याचा), हामाकुआ आठव्यात. मात्र एकेरी भिंतीच्या आणि खांबांवरच्या घराला विमा कंपनी नाही म्हणू शकते, म्हणून विम्याचा लेखी दर हाती येईपर्यंत करारातली माघारीची मुदत संपू देऊ नका. त्याच मुदतीत काउंटीच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, बांधकाम-परवान्यांच्या नोंदी काढा. मागची न्हाणी किंवा जोडखोली परवान्यात नसेल, तर ती नियमित करण्याचा भार तुमच्यावर येतो.